आधी फॉर्म, मग कपकेक : महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या एचआर प्रमुखांना खुले पत्र

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर इथल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांना,

स. न. वि. वि.

मेच्या मध्यावर तुमच्या विभागात मुख्यालयाकडून एक ईमेल येतो. सोबत सप्तरंगी लोगोची फाइल असते आणि एक प्रश्न : जूनच्या प्राइड महिन्यात, म्हणजे समलिंगी आणि इतर एलजीबीटीक्यू व्यक्तींच्या अभिमानाच्या महिन्यात, तुमच्या ऑफिसात काय काय होणार आहे? मग धावपळ सुरू होते. कपकेक, ओळखपत्रांना रंगीत लेस, कुणा कार्यकर्त्याचं पाऊण तासाचं भाषण, जिन्यावर उभं राहून काढलेला फोटो. १ जुलैला लोगो पुन्हा मूळ रंगात.

आम्ही विमा, पगारपत्रक, कामगार कायदा आणि समुपदेशन या कामांतली माणसं आहोत. काही जण एलजीबीटीक्यू समाजातले, काही त्यांच्या सोबतचे. लोगोला आमचा विरोध नाही. नव्यानं रुजू झालेल्या बाविशीतल्या मुलीला तो दिसला, की निदान इथे आपली टिंगल होणार नाही असं वाटतं. आणि तेवढं वाटणंही आपल्याकडे थोडं नाही. अडचण त्यानंतर येते. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी जॉइनिंग फॉर्म भरायला बसते. 'वडिलांचे/पतीचे नाव', 'विवाहित/अविवाहित', 'कुटुंबातील नॉमिनी' असे रकाने एकामागून एक येतात, आणि जिच्याबरोबर ती गेली तीन वर्षं राहते तिला त्या फॉर्मवर कुठेच जागा नसते. जूनसाठी जो वेळ आणि पैसा राखून ठेवलाय, तो आधी या कागदांवर खर्च करा, एवढंच आमचं मागणं आहे.

जूनचं म्हणाल, तर हा महिना मूळचा न्यूयॉर्कचा. तिथल्या स्टोनवॉल बारवरच्या पोलीस छाप्याविरुद्ध झालेला उठाव २८ जून १९६९ चा. आपलं पंचांग वेगळं आहे. कोलकात्यात २ जुलै १९९९ ला पंधराएक जण चालले, ती भारतातली पहिली प्राइड यात्रा मानली जाते. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मोर्चा निघाला. पुण्याची पहिली यात्रा डिसेंबर २०११ ची. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. जूनमध्ये मुंबईत छत्री सांभाळत झेंडा धरणं तसंही अवघडच. तेव्हा खाली जी कामं सांगितली आहेत त्यांतली काही जूनमध्ये उरकतील, काही तुमच्या विम्याच्या तारखेला, काही सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीचं, वार्षिक नियोजन होतं तेव्हा. सगळी जूनमध्येच कोंबायचा अट्टहास नको.

सुरुवात बिनखर्चाच्या कामापासून. आणीबाणीत कुणाला कळवायचं, हा रकाना. बऱ्याच प्रणालींमध्ये तिथे 'नाते' हा भाग सक्तीचा असतो आणि यादीत आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण एवढेच पर्याय. यादीत 'जोडीदार', 'मित्र/मैत्रीण' आणि 'नाते सांगायचे नाही' हे तीन पर्याय वाढवायला सांगा. सॉफ्टवेअरवाल्यांचं हे तासाभराचं काम आहे. त्याच वेळी जुन्या नोंदी पुन्हा भरून घ्या, कारण रुजू होताना घाबरून वडिलांचा नंबर दिलेली माणसं पुष्कळ असतात. चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या फोनवरून नेमका त्याच घरी फोन गेला जिथून तो निघून आलाय, तर मदत करायला जाऊन तुम्ही त्याचं नुकसान केलंत.

पुढचं काम नॉमिनेशनचं. इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या कळतात तेव्हा फॉर्म भरणारा हयात नसतो. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत नियम असा आहे, की सदस्याला 'कुटुंब' असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरच्याचं नाव दिलं तर ते रद्दबातल ठरतं. कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, सदस्यावर अवलंबून असलेले आईवडील, आणि दिवंगत मुलाची पत्नी व मुलं. यातला 'अवलंबून' हा शब्द नीट वाचा. अविवाहित माणसाचे आईवडील निवृत्तिवेतनावर किंवा स्वतःच्या शेतीवर जगत असतील, त्याच्यावर अवलंबून नसतील, तर योजनेच्या अर्थानं त्याला कुटुंब नाही आणि तो कुणालाही, म्हणजे जोडीदारालाही, नॉमिनी करू शकतो. ऑनलाइन ई-नॉमिनेशनमध्ये सुरुवातीलाच 'कुटुंब आहे का' असा होय-नाहीचा प्रश्न येतो. आपल्याकडे होतं काय, की रुजू होण्याच्या दिवशी एचआरमधला मुलगा पन्नास जणांना एका खोलीत बसवून सांगतो, 'होय वर टिक करा आणि आईचं नाव टाका.' घाईत केलेल्या त्या एका टिकमुळे जोडीदाराचा रस्ता बंद होतो. कर्मचारी ठेव संलग्न विम्याची, म्हणजे सदस्याच्या मृत्यूनंतर निधीमार्फत मिळणारी, रक्कमही याच नॉमिनेशनच्या मागोमाग जाते, हे अनेकांना माहीत नसतं.

ग्रॅच्युइटीतही हाच धागा आहे : कुटुंब असेल तर कुटुंबातला, नसेल तर कुणीही. फरक व्याख्येतल्या बारकाव्यांचा आहे, तो पगारपत्रक सांभाळणाऱ्याला वाचायला लावा. परिस्थिती बदलली, आईवडील अवलंबून झाले किंवा लग्न झालं, तर आधीचं नॉमिनेशन टिकत नाही. म्हणून दरवर्षी एकदा ते उघडून पाहायची आठवण पाठवा. सगळ्यांना पाठवा, निवडक लोकांना नव्हे. निवडक लोकांना पाठवलेला ईमेल म्हणजे यादी जाहीर करणं झालं.

कंपनीच्या गट मुदत विम्यात आणि अपघात विम्यात मात्र अशी अट नाही, तिथे कुणालाही नॉमिनी करता येतं. पण एक मेख आहे. विमा कायद्यात २०१५ ला झालेल्या दुरुस्तीनुसार आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर पैशावर हक्क त्यांचाच. जोडीदार या यादीत बसत नाही, म्हणजे तो पैसे स्वीकारेल, पण वारस उद्या ते मागू शकतात. नॉमिनी हा मालक नव्हे, ही भूमिका आपल्या न्यायालयांची जुनीच आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा स्पष्ट केली. यावर उपाय मृत्युपत्राचा. साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि ज्याला मिळकत मिळायची त्यानं साक्षीदार होऊ नये. जूनमध्ये भाषण ठेवण्याऐवजी एका वकिलाला दिवसभर बोलावून वीस-वीस मिनिटांच्या खासगी भेटी ठेवल्यात, तर त्यातून खरंच काही हाती लागेल. भेटीची वेळ कर्मचाऱ्यानं परस्पर वकिलाकडेच घ्यावी, विभागाकडे नावं येऊ नयेत.

पगाराच्या खात्याचं काम तुलनेनं सोपं आहे. एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. शाखेतल्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. तुमची पगाराची खाती ज्या बँकेत आहेत तिच्या प्रतिनिधीला ऑफिसात बोलवा, त्या स्पष्टीकरणाची प्रत टेबलावर ठेवा, फॉर्म तिथेच भरून घ्या. हजार पगारखाती असलेल्या कंपनीचं बँक ऐकते, एकट्या ग्राहकाचं ऐकेलच असं नाही.

आता मेडिक्लेम. सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यामुळे 'पती/पत्नी' एवढाच शब्द असलेल्या पॉलिसीत जोडीदार बसत नाही. गट विमा हा मात्र कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार आहे, आणि त्यातली व्याख्या वाटाघाटीनं बदलते. चूक वेळ निवडण्यात होते. प्राइडच्या उत्साहात जूनमध्ये विमा ब्रोकरला फोन जातो, पॉलिसी एप्रिलमध्येच नवी झालेली असते, आणि उत्तर येतं, 'पुढच्या वर्षी बघू.' नूतनीकरणाच्या तारखेआधी ९० दिवस ब्रोकरकडे लेखी मागणी द्या. दरपत्रक मागवण्याच्या कागदातच हे शब्द हवेत : 'पती/पत्नी किंवा सहजीवनातील जोडीदार, कोणत्याही लिंगाचा.' आणि वर्षाच्या मध्ये नवरा-बायकोचं नाव घालायला लग्नानंतर साधारण ३० दिवस मिळतात, तशीच मुभा जोडीदारालाही द्या, नाहीतर लग्नाची तारीख नसलेल्या माणसाला वर्षभर थांबावं लागतं.

पुरावा काय मागायचा? एक पानी स्वयंघोषणा पुरे. दोघांच्या नावाचा भाडेकरार मागू नका. कित्येक घरमालकांना 'आम्ही मैत्रिणी आहोत' असंच सांगितलेलं असतं, तर कित्येकांनी एकाच नावावर घर दिलेलं असतं. विवाहित कर्मचाऱ्याकडून तुम्ही लग्नाचा दाखला मागत नसाल, तर इथेही संशय नको. विम्याचं ई-कार्ड कुणाच्या ईमेलवर जातं, अवलंबितांची एक्सेल फाइल किती जणांकडे फिरते, हे आधी तपासा. बहुतेक गळती याच फाइलमधून होते. आणि पगारपत्रकवाल्याला आधीच विचारून ठेवा : कंपनीनं भरलेल्या आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरची करसवलत पती-पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील-भावंडं यांच्यासाठी आहे, त्यामुळे जोडीदाराच्या वाट्याचा प्रीमियम करपात्र ठरू शकतो. तो कर कंपनी सोसणार की कर्मचारी, हे पहिल्या पगारपत्रकाआधी ठरवा. मार्चमध्ये अचानक कापलेले पैसे पाहून लोक योजनाच सोडून देतात.

पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, कर्मचाऱ्यांसाठी मेडिक्लेममध्ये वेगळी गाठ आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत ०७ क्रमांकाचा अपवाद लिंगबदलाच्या उपचारांचा आहे, आणि गट पॉलिसीत तो मुकाट्यानं उतरवला जातो. तो वगळून घ्यायचा, म्हणजे ब्रोकरच्या भाषेत 'वेव्ह' करायचा, ही स्वतंत्र मागणी लागते. सहसा काही एक मर्यादा ठरवून ती मान्य होते. पण संप्रेरकं, तपासण्या, लेझर, मानसोपचार ही सगळी बाह्यरुग्ण विभागातली कामं, रुग्णालयात दाखल होण्याच्या पॉलिसीत ती बसतच नाहीत. त्यासाठी ओपीडीची रक्कम वेगळी काढावी लागते. शस्त्रक्रियेवरच्या लाखांच्या मर्यादेची जाहिरात करायची आणि दर महिन्याच्या गोळ्या-इंजेक्शनांचा खर्च त्या माणसानं खिशातून भरायचा, असं आम्ही वारंवार पाहतो. शस्त्रक्रियेनंतरची रजाही लिहून ठेवा, आणि रजेच्या कारणाच्या रकान्यात फक्त 'वैद्यकीय' एवढंच येऊ द्या.

तुमच्या कायदा विभागाला एक प्रश्न विचारा : आपल्या कंपनीत पारलिंगी व्यक्तींच्या तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी कोण? पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ चा, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेनं असा अधिकारी नेमायचा आहे. २०२० च्या नियमांनुसार समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं आहे, त्यात स्वच्छतागृहं, सुरक्षा, वाहतूक आणि ओळखीची गोपनीयता यांबद्दल काय केलंय ते लिहायचं आहे. तक्रारीची चौकशी १५ दिवसांत, आणि अहवाल आल्यावर पुढच्या १५ दिवसांत कारवाई. कर्मचारीसंख्येची अट नाही, दहा जणांच्या कंपनीलाही हे लागू. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं आणि न्या. आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सप्तरंगी झेंडा लावायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही, या कायद्याची मात्र आहे.

या अधिकाऱ्याचं काम लैंगिक छळाच्या अंतर्गत समितीवर ढकलू नका. ती समिती २०१३ च्या कायद्याची, आणि तो कायदा तक्रारदार स्त्री आहे असं धरून चालतो. समलिंगी पुरुषाला वरिष्ठानं त्रास दिला तर तो तिथे बसत नाही. त्याच्यासाठी सेवाशर्तींमध्ये स्वतंत्र कलम, स्वतंत्र चौकशी हवी. आणि त्या कलमात मराठी शब्द लिहा. इंग्रजी धोरणात 'द्वेषमूलक भाषा' असं मोघम असतं, आणि कुणी कुणाला 'छक्का' किंवा 'बायल्या' म्हटलं की चौकशीत अर्धा तास 'आमच्याकडे हे गमतीनं म्हणतात' यावर जातो. ते शब्द धोरणात जसेच्या तसे छापलेले असले की हा वाद उरत नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. ईमेलखाली इंग्रजी सर्वनामं लिहायची पद्धत आली, ठीक आहे. पण आपल्या कँटीनमध्ये बोलणं मराठीत चालतं, आणि मराठीत लिंग नुसतं सर्वनामात नव्हे तर क्रियापदातही बसलेलं असतं. 'आलास' म्हणावं की 'आलीस', इथेच जीभ अडखळते. गंमत अशी, की अहो-जाहो केलं की प्रश्न मिटतो : 'तुम्ही कधी आलात?', 'जेवलात का?' यात स्त्री-पुरुष काही कळत नाही. तृतीयपुरुषात मात्र 'ते आले' की 'त्या आल्या' हे विचारावंच लागतं. एकदा, एकांतात, आणि मग लक्षात ठेवावं. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला 'सर' किंवा 'मॅडम'ऐवजी नुसतं 'नमस्कार' म्हणायला शिकवलं तरी पुष्कळ. प्रशिक्षण मराठी-हिंदीत घ्या आणि पहिली तुकडी सुरक्षारक्षक, चालक, सफाई कर्मचारी आणि रिसेप्शनची असू द्या. हे लोक कंत्राटदाराचे, म्हणून त्यांना दरवर्षी वगळलं जातं, आणि अपमान बहुतेक वेळा तिथेच घडतो. अंगझडती कुणी घ्यायची, हे ज्याची घ्यायची त्याला विचारायचं, हा एकच नियम पंधरा मिनिटांत शिकवता येतो.

नावाचंही तसंच. कागदोपत्री नाव आणि रोजचं नाव वेगळं असू शकतं. भविष्य निर्वाह निधी, पॅन आणि पगार यांत कायदेशीर नावच लागतं, ते आधार, मग पॅन, मग बँक, मग निधीचं खातं या क्रमानं बदलतं. क्रम उलटा झाला की निधीचे पैसे अडकतात. पण ईमेल, ओळखपत्र, चॅट, टीमची यादी यांसाठी कुठल्याही प्रमाणपत्राची वाट पाहू नका. नाव बदलल्यावर जुनं नाव कुठून कुठून डोकावतं त्याची यादी आमच्याकडे आता पाठ झाली आहे : हजेरीच्या यंत्राचा पडदा, कॅबचं अ‍ॅप, कँटीनचं कार्ड, विम्याचं ई-कार्ड, जुन्या ईमेलचा आपोआप पूर्ण होणारा पत्ता, आणि वाढदिवसाचा सामूहिक ईमेल. शेवटच्याला सगळे विसरतात.

स्वच्छतागृहासाठी नवी इमारत लागत नाही. प्रत्येक मजल्यावर नाही, तरी इमारतीत एक तरी एकट्यानं वापरायचं, जमिनीपासून वरपर्यंत दार असलेलं, आत कचऱ्याचा डबा असलेलं, 'सर्वांसाठी' अशी पाटी असलेलं. नेहमीची चूक म्हणजे अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहावर दुसरी पाटी चिकटवणं. त्यानं व्हीलचेअरवरच्या माणसाला रांग लागते, आणि किल्ली सुरक्षारक्षकाकडे असल्यानं पारलिंगी माणसाला दर वेळी परवानगी मागावी लागते. रात्रपाळीला स्त्रियांना घरापर्यंत गाडी सोडता, त्या यादीत पारलिंगी स्त्रिया आहेत का, तेही पाहा. यादी जुन्या लिंगनोंदीवरून आपोआप तयार होत असेल तर नसणार.

पारलिंगी व्यक्तींची भरती करायची असेल तर फार चांगलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये सुरक्षारक्षक म्हणून ती केली. मात्र कोचीचा अनुभव वाचून मग करा. २०१७ मध्ये कोची मेट्रोनं वीसेक पारलिंगी कर्मचारी घेतले, देशभर कौतुक झालं, आणि काही दिवसांतच त्यांतल्या अनेकांनी नोकरी सोडली. कारण कामाचं नव्हतं. भाड्यानं खोली मिळेना, लॉजमध्ये रोजचे काही शे रुपये जात, आणि पगार महिना दहा-पंधरा हजारांच्या घरातला. म्हणून नेमणूकपत्राबरोबर पहिल्या तीन महिन्यांची राहण्याची सोय हवी : कंपनीच्या नावानं घेतलेला फ्लॅट, म्हणजे घरमालकाशी बोलणं कंपनीचं. पहिला पगार महिनाअखेरीस होतो, तोवरच्या खर्चाला उचल हवी. आणि एका विभागात एकटीच नेमू नका, निदान दोघी असू द्या.

जूनमधली आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, आणि त्या आठवड्यात अनेक ऑफिसांत शिबिर असतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार पारलिंगी व्यक्ती आणि पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष यांना रक्तदान करता येत नाही. याला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. म्हणजे एका भिंतीवर सप्तरंगी पताका, आणि तिच्याखाली त्याच लोकांना नकार देणारा फॉर्म. नियम तुमच्या हातात नाही, शिबिराची मांडणी आहे. प्रश्नावली आडोशाला भरून घ्या. 'आमच्या टीमचं १०० टक्के रक्तदान' असले फलक, स्पर्धा, दात्यांना टी-शर्ट किंवा अर्ध्या दिवसाची सुट्टी हे सगळं बंद करा, कारण त्यानं न देणारा उठून दिसतो आणि 'का रे, तू नाही?' हा प्रश्न येतो. नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी गुपचूप घातलेली नाही ना, तेही प्रयोगशाळेच्या बिलावरून तपासा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं नोकरीसाठी अशी अट घालायला मनाई केली आहे, आणि १०० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला त्या कायद्याखालीही तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

समुपदेशनासाठी जी एजन्सी नेमली आहे तिला लेखी विचारा : समलैंगिकता 'बदलण्याचे' उपचार तुमचा कुणी समुपदेशक करतो का? राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण समुपदेशक डॉक्टर नसतात, त्यामुळे ते करारात लिहून घ्यावं लागतं. समाजाला समजून समुपदेशन कसं करावं याचा अभ्यासक्रम मुंबईतली मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह चालवते; तो केलेला एक तरी माणूस एजन्सीकडे आहे का, हा दुसरा प्रश्न.

घरच्यांचा विषय अवघड आहे, पण टाळू नका. एखादी मुलगी अचानक कामावर येईनाशी होते, वडिलांच्या फोनवरून राजीनामा येतो. किंवा चार नातेवाईक गेटवर येऊन तिची पाळी कधी सुटते असं विचारतात. रिसेप्शनला आणि सुरक्षारक्षकांना एक ओळ लेखी द्या : कोणत्याही कर्मचाऱ्याचा पत्ता, पाळी, जागा, रजा यांची माहिती कुणालाही, आईवडिलांनाही, द्यायची नाही, निरोप घ्यायचा आणि कर्मचाऱ्यालाच कळवायचं. दुसऱ्याच्या फोनवरून किंवा अनोळखी ईमेलवरून आलेला राजीनामा स्वतः कर्मचाऱ्याशी बोलल्याशिवाय स्वीकारायचा नाही. बोलताना बाजूला कुणी आहे असं वाटलं तर 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे.

याच कारणासाठी कार्यक्रमाचे फोटोही जपून काढा. 'ज्यांना नको त्यांनी सांगा' ही पद्धत उलटी आहे, कारण सांगणारा उघडा पडतो. सभागृहाचा एक भाग फोटोबाहेर ठेवा, तिथे कुणीही बसेल. निमंत्रणात पाहुण्यांची यादी लपवा. सर्वेक्षण करायचं तर बिननावी, आणि दहाहून कमी उत्तरं आलेल्या विभागाचे आकडे वेगळे छापू नका. सहा जणांच्या टीममध्ये 'एक' हा आकडा म्हणजे नावच असतं.

शेवटी पैसा. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून, नागपुरात सारथी ट्रस्ट, अशा संस्था मराठी माणसांमध्ये मराठीतून काम करत आल्या आहेत. सीएसआरचा पैसा द्यायचा तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि छोट्या गटांकडे ती नसते. अशा वेळी नोंदणीकृत संस्थेमार्फत द्या, किंवा सीएसआरबाहेरच्या निधीतून. तुमच्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेला जूनचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे लेखापालाला आठवण करून द्या. आणि ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. ती संस्थेवर लादून 'खोलीचं भाडं आणि हिशेबनिसाचा पगार चालणार नाही' असं सांगणं नियमात नाही. तरी सर्रास सांगितलं जातं. एक महिन्याच्या कार्यक्रमाला पैसे देण्यापेक्षा तीन वर्षं तेवढेच विभागून द्या. हेल्पलाइनवर बसणाऱ्या माणसाला जुलैतही पगार लागतो.

वक्ता बोलावणार असाल तर तीन आठवडे आधी कळवा, आणि मानधनाचा आकडा पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. 'आमच्याकडे बजेट नाही, पण तुम्हाला व्यासपीठ मिळेल' हे वाक्य कृपया पाठवू नका. तुमचं व्हेंडर पोर्टल जीएसटी क्रमांक आणि कंपनीचा दाखला मागतं, जे वर्षाला २० लाखांखाली कमावणाऱ्या एकट्या कार्यकर्त्याकडे नसतं. त्याच्यासाठी पॅन आणि रद्द केलेला धनादेश एवढ्यावर पैसे देण्याची वाट लेखा विभागाकडून आधीच मोकळी करून घ्या. धनादेशावर आणि पॅनवर जुनं नाव असेल, तर ते लेखा विभागापुरतंच राहू द्या. व्यासपीठावरच्या पाटीवर, जिन्याच्या फोटोखाली आणि आभाराच्या ईमेलमध्ये तो माणूस सांगेल ते नाव.

आपले,
विमा, पगारपत्रक, कायदा आणि समुपदेशन या कामांतली काही माणसं